नऊ नंबरच्या गौरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या मागे, टेकडीच्या अंगाला, मोकळ्या जमिनीचा एक पट्टा आहे. तिथे पुरुषभर गवत माजतं. हे आपल्याकडचं साधं गवत नव्हे. कोणे एके काळी कुणीतरी गुरांच्या चाऱ्यासाठी बाहेरून आणलं. गुरं गेली, गवत राहिलं. आईने दोन पावसाळे तिथे रोपं लावली, दोन्ही वेळा गवताने गिळली. कापलं की पंधरा दिवसांत पुन्हा कमरेला.

यंदा सेक्रेटरींनी निर्वाणीचं सांगितलं, "काकू, या वेळी तरी झाडं लागली पाहिजेत. नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग."

आईच्या बाल्कनीत रंगाच्या जुन्या डब्यांत बियांपासून वाढवलेले फणस, जांभूळ आणि बकुळ ताटकळत होते. फणसाने तर डब्याचा तळ फोडला होता.

मग तणनाशक मारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने आधी गवत कापून घेतलं, नवे कोंब गुडघ्याएवढे होऊ दिले आणि पावसाची उघडीप बघून पाठीला पंप लावून आला. देखरेखीला मी. कमरेवर हात ठेवून "तिकडे राहिलं बघा" म्हणणं, हे काम मला घरच्या प्रत्येक कार्यात देतात. दुसरं देत नाहीत.

"साहेब, लांब राहा. औषध सुकेपर्यंत यात पाय नको," तो दोनदा म्हणाला. मी दोनदा "हो हो" म्हटलं आणि त्याच्या मागोमाग फिरत राहिलो.

तासाभराने गेटबाहेरच्या गाडीवरून वड्यांचा ताजा घाणा निघाल्याचा वास आला. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टनंतर बायकोने माझा वडापाव बंद केलेला. ती खिडकीत नाही असं बघून मी सेक्रेटरींच्या लाडक्या लॉनवरून तिरका गेटकडे गेलो. नळावर साबण लावून हात धुतले, तेवढी अक्कल होती. दोन खाल्ले आणि आलो तसाच तिरका परत. चपलांचं काही सुचलं नाही.

आठ-दहा दिवसांनी सकाळी खालून आरडाओरडा. हिरव्यागार लॉनवर एकापुढे एक पिवळी पावलं उमटली होती. जाताना एक रांग, येताना एक.

"अगं बाई, यंदा गौरी लवकर आल्या," आई म्हणाली. "आणि चपला घालून!"

"नऊ नंबरच्या आहेत, आई," बायको म्हणाली. "आणि घरात न येता वडापावच्या गाडीवर गेल्यात." मग माझ्याकडे वळून, "किती खाल्लेस?"

"एकच गं."

"परतीची पावलं बघ कशी फेंगडी पडलीत. एका वड्याने असं होत नाही."

"दोन."

सेक्रेटरींना हसू येत नव्हतं. "काकू, चिरंजीवांनी लॉनची वाट लावली. आता रोपं-बिपं विसरा. मागे पेव्हर ब्लॉकच."

दोन वड्यांपायी आईचा फणस गेला होता.

आई मात्र उकिडवी बसली. एका पावलातला पिवळा झुबका तिने ओढला, तो मुळासकट हातात आला. "हे बघा. याच्या नुसत्या चपलेला लागलं होतं, तेवढ्याने हे झालं. मग मागे काय झालं असेल, बघू तरी चला."

औषध मारल्यापासून मागे कुणी फिरकलं नव्हतं. गवत पेंढ्यासारखं आडवं झालं होतं. हिरवा कोंब औषधालाही नाही! दोन वर्षांत पहिल्यांदा आम्हाला तिथली माती दिसली. सेक्रेटरींनी बुटाने एक ठोंब ढकललं, ते कलंडलं.

"बरं, लावा रोपं," ते म्हणाले. "पण लॉन हा भरणार. एकटा."

भरलं. रविवारी दिवसभर, एकेका पावलात दुर्वा लावल्यासारखं गवत टोचत.

फणसाला आता तळहाताएवढी नवी पानं आली आहेत. आई रोज बघायला जाते, मीही जातो. बायको खिडकीत उभी असते, त्यामुळे लॉनला पूर्ण वळसा घालून जावं लागतं. वाटेत गेट लागतं. मी तिकडे बघत नाही. सहसा.