खांबाखालचा अर्धा तास

"आभाळाचं बोलून होऊ द्या, मावशी. मग मी चढतो." एवढं म्हणून तो आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायचा आणि मोबाइल पालथा ठेवायचा.

नातवंडांनो, नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीचा हा वायरमन. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खांबाला हात लावायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. वेळ मात्र माझ्या घड्याळावर. "माझं घड्याळ लय दयाळू हाय, तुमचं कडक."

गॅलरीतून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडायचे, "काय हो, वीज काय तुमचा पत्ता विचारत येते?"

"विचारत नाय ना साहेब. म्हणून तर बसलोय."

पूर्वी वळीव मे महिन्यात यायचा, दुपारी तासभर थैमान घालायचा आणि जायचा. आता मार्चमध्येच गारा. एक वादळ सरतं न सरतं तोच त्याच्या पाठीला दुसरं. "आधीचं आभाळ वळखीचं होतं, मावशी. हे कुठून तरी बदली होऊन आलंय." मी हसले होते.

मग एकदा त्यानेच विचारलं, "अर्ध्याचा एक तास करू का? आता अर्ध्या तासाचा भरवसा वाटत नाय." सेक्रेटरी उखडले. घराघरांत एसी बंद पडलेले, लोक घामेजलेले. आणि मी? मी शिस्तीची बाई. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. रोज बदलला तर तो नियम कसला?" त्याने मान डोलावली. माझा शब्द तो मोडत नसे.

यंदाच्या एप्रिलमध्ये, आठवड्यातल्या तिसऱ्या वादळानंतर, मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "झाला अर्धा तास." लख्ख ऊन पडलं होतं. तो चढला. मागच्या बाजूने आणखी एक वादळ येत होतं, ते इमारतींमुळे दिसलं नाही. आवाज आणि उजेड एकदमच आला.

त्याला रिक्षात घालून नेलं. रिक्षा वळणावरही पोहोचली नसेल, तोच सेक्रेटरी फोनवर विचारत होते, "दुसरा माणूस कधी पाठवताय?"

तो दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला होता. पंचनाम्याच्या कागदावर लिहिलं, नैसर्गिक आपत्ती. कसली नैसर्गिक? तुम्हीच मला फोनवर समजावलंत, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, त्यातून वादळांना जास्त बळ मिळू शकतं. पण एका विजेकडे बोट दाखवून ती त्यामुळेच पडली असं म्हणता येत नाही. कबूल. पुराव्याशिवाय बोलणं मलाही आवडत नाही. पण आमच्या एका इमारतीत अठरा एसी आहेत, आणि हवा तापवणाऱ्यांपैकी एकही जण त्या खांबावर चढत नाही. याला पुरावा लागत नाही. माझा राग सेक्रेटरींवर आहे, त्या कागदावर आहे, आणि 'नियम म्हणजे नियम' म्हणणाऱ्या म्हातारीवर सगळ्यात जास्त आहे.

परवा पुन्हा लाइट गेली. नवा वायरमन आला. सिन्नरकडे अजून गडगडत होतं, तरी त्याने खांबाला शिडी लावली. सेक्रेटरी खूश. "बघा, याला म्हणतात काम!"

मी खाली उतरले आणि शिडीच्या खालच्या दांडीवर बसले.

"आजी, सरका ना. लाइट नकोय का तुम्हाला?"

"नकोय," मी म्हणाले.

लाइट रात्रीपर्यंत आली नाही, माझा मोबाइल चार्जिंगविना बंद पडला. त्या दिवशी तुमचा फोन लागला नाही, तो यामुळे.