अंगठ्याच्या जागी डोळा

सन १९६३. दसऱ्याला पंधरा दिवस होते. रक्कम एकतीस रुपये. नळदुर्गात हमरस्त्याला लागून असलेल्या ट्रकच्या गॅरेजात, पत्र्याच्या शेडखाली आम्ही चौघे बसलो होतो: गॅरेजचे मालक, माझा मेव्हणा, टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर आणि मी. ज्यांच्यामुळे ही बैठक बसली होती ते गॅरेजचे मोठे मिस्त्री दहा पावलांवर एका ट्रकखाली उताणे पडून काम करत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. पण मी त्यांना हजर धरत नाही, कारण ते माझ्याशी बोलत नव्हते.

मी सडकेच्या कामाच्या कचेरीत हिशेबाचा कारकून होतो. मिस्त्री माझे शेजारी. आठ वर्षं ते रोज सकाळी सात वाजता आमच्या ओट्यावर येत, कपभर चहा घेत आणि रात्रीत हैदराबादकडून काय काय आलं, कुणाचा पाटा तुटला, कुणाचं रेडिएटर फुटलं ते सांगून कामावर जात. मागच्या दसऱ्यापासून ते येणं बंद झालं होतं. कारण मी, किंवा नेमकं सांगायचं तर माझा उजवा अंगठा.

या गॅरेजात एक रिवाज होता. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची आणि दसऱ्याला दुपारी छोट्या गाड्यांची शर्यत. गाड्या म्हणजे डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेले हातभर लांबीचे ट्रक. चाकांना जुने बेअरिंग, पुढं रंगवलेला नंबर, वजन दोन किलोच्या आत. चोवीस फुटी फळी एका बाजूनं तीन फूट उचलायची, वरून गाडी सोडायची आणि ती खालच्या रेषेपर्यंत किती वेळात येते ते पाहायचं. भाग घेणारे सगळे मोठी माणसं: फिटर, ड्रायव्हर, टायरवाले. माझ्या मेव्हण्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे तोही. माझ्याकडं सोलापूरच्या जुन्या बाजारातून घेतलेलं स्टॉपवॉच होतं, म्हणून वेळ मी घ्यायचो.

त्या घड्याळाच्या तबकडीवर एका सेकंदाची पाच घरं. मागच्या साली शेवटची फेरी मिस्त्री आणि मेव्हणा यांच्यात झाली. मेव्हण्याची गाडी तीन सेकंद दोन घरं, मिस्त्रींची तीन सेकंद तीन घरं. एका घराचा फरक. अकरा रुपये आणि नारळ मेव्हण्याला गेला. मिस्त्रींनी आपली गाडी उचलली, फडक्यानं पुसली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊसाब, घड्याळ चांगलं हाय तुमचं. अंगठा तेवढा मेव्हण्याचा हाय."

लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले, साडेसात झाले, ओटा रिकामा. आमच्या घरात सौभाग्यवतींनी आठवडाभर त्यांचा चहा टाकला. मग टाकणं बंद केलं आणि माझ्याकडं बघणंही जरा कमी केलं, कारण मिस्त्रींच्या घरून येणारी भाजी आणि ईदचा शिरखुर्मा मात्र भिंतीवरून पूर्वीसारखाच येत होता. भांडण फक्त पुरुषांचं होतं.

आता यंदा वेळ कुणी घ्यायची? मालक म्हणाले, "तुम्हीच घ्या. दुसऱ्याला काटा तरी कुठं वाचता येतोय?" मी नाही म्हटलं. अंगठ्यावर ज्याचा विश्वास नाही त्याला अंगठा पुन्हा दाखवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा ऑपरेटर बोलले. त्यांचा सिनेमाचा तंबू पावसाळ्यात बंद असे आणि सगळं सामान गॅरेजच्या मागच्या खोलीत असे.

"माझ्या मशीनीत एक डोळा हाय," ते म्हणाले. "फिल्मच्या कडंला जो आवाजाचा पट्टा असतो, त्यातनं उजेड जातो तो या डोळ्यावर पडतो. उजेड कमीजास्त झाला की करंट कमीजास्त. त्याचाच तुमाला आवाज ऐकू येतो. एक जुना डोळा पडून हाय माझ्याकडं. रेषेवर एका बाजूला दिवा ठेवू, दुसऱ्या बाजूला डोळा. गाडी मधनं गेली की उजेड तुटंल. उजेड तुटला की घड्याळ बंद. अंगठ्याचं कामच न्हाय."

मेव्हणा म्हणाला, "आन् लाइट गेली तर?"

"तर तुमचं सगळ्यांचंच बक्षीस गेलं," ऑपरेटर म्हणाले.

ट्रकखालून पान्याचा आवाज थांबला होता. मी तेवढंच लक्षात ठेवलं.

एकतीस रुपये वर्गणीतून मंजूर झाले आणि आम्ही कामाला लागलो. ऑपरेटरांनी आवाजाच्या जुन्या खोक्यातून डोळ्याला जोडायची व्यवस्था केली. त्यांनी मला वायरी पकडायला दिल्या आणि कुठली वायर कुठं ते मी कागदावर मांडून घेतलं. दिवा ट्रकच्या हेडलाइटचा. घड्याळ लाकडाच्या खोबणीत बसवलं आणि त्याच्या बटणावर विजेच्या जुन्या घंटीची हातोडी आणली. वर गाडी सोडायची फळकुटी पडली की हातोडी एकदा टपकन बसायची, घड्याळ चालू. खाली उजेड तुटला की दुसऱ्यांदा टपकन, घड्याळ बंद. हातोडीला बसायला जो उशीर होतो तो दोन्ही वेळा सारखाच, म्हणजे वजा होऊन जातो. हे मी ऑपरेटरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साब, हे माझ्या ध्यानात न्हवतं आलं. आता आलं म्हणून मशीन जास्त चांगली झाली."

पहिली अडचण दिवसाच्या उजेडाची. शेडमध्ये चहूकडून उजेड येई आणि डोळ्याला गाडी दिसेचना. त्यावर मी कचेरीच्या लिलावातून डांबराचं एक रिकामं पीप सव्वा रुपयाला घेतलं, पावतीसकट. ते उभं चिरून फळीच्या शेवटी बोगद्यासारखं पालथं घातलं आणि आतून काजळी लावली. एका बाजूच्या भोकातून दिवा, दुसऱ्या बाजूच्या भोकात सायकलपंपाची चार इंच नळी, नळीच्या मागं डोळा, त्याच्यावर काळं फडकं. गाडी बोगद्यात शिरली की टपकन. दुसरी अडचण समोरच्या पिठाच्या गिरणीची. गिरणी सुरू झाली की दिवा मंद व्हायचा आणि हातोडी आपोआप बसायची. गिरणीवाल्याला दसऱ्याच्या दिवशी चार ते सहा गिरणी बंद ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "दसऱ्याला आमीबी बंदच असतो की."

अष्टमीला मी खरी चाचणी घेतली. शाळेच्या ड्रिल मास्तरांचं स्टॉपवॉच मागून आणलं, मालकांची गाडी वीस वेळा सोडली. मशीन आपली वेळ घेत होतं, मी माझ्या अंगठ्यानं घेत होतो. दोन रकाने केले. वीसपैकी अकरा वेळा दोन्ही आकडे सारखे आले. सात वेळा एका घराचा फरक. दोन वेळा दोन घरांचा.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. माझा अंगठा वीसपैकी नऊ वेळा चुकत होता आणि मागच्या वर्षीचा निकाल फक्त एका घरावर लागला होता. मिस्त्री हरले होते की जिंकले होते, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण निकाल मी दिला होता.

नवमीला मला मशीन आणखी एकदा चालवून बघायचं होतं. मालकांनी हात जोडले. "आज हत्याराला हात लावायचा न्हाय, भाऊसाहेब. आज त्याची पूजा. उद्या काय चालवायचं ते चालवा." गॅरेजच्या फरशीवर पाने, जॅक, हवेचा पंप, सगळं धुऊन मांडलं होतं. तिथला रिवाज असा की प्रत्येक हत्याराच्या तोंडात एक झेंडू खोचायचा: पान्याच्या जबड्यात, पंपाच्या नळीत, डिझेलच्या पिपाच्या तोटीत. जो ज्या हत्याराशी काम करतो त्यानं त्याला फूल द्यायचं, मग तो हिंदू असो की मुसलमान. मिस्त्री दरसाल ऊद घेऊन येत आणि सगळी शेड धुरानं भरून टाकत. मी नमस्कार केला आणि घरी आलो.

दसऱ्याला चार वाजता शेडमध्ये साठ-सत्तर माणसं होती. मिस्त्री आपली गाडी काखेत धरून शेवटच्या खांबाला टेकून उभे होते. मी टेबलाशी उभा राहिलो आणि शर्यतीआधीच कागद वाचून दाखवला: वीस, अकरा, सात, दोन. मग म्हणालो, "मागच्या वर्षीचा फरक माझ्या अंगठ्याच्या चुकीपेक्षा मोठा नव्हता. तो निकाल बरोबर होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोघं बरोबरीत, असं धरावं."

मेव्हणा ओरडला, "दाजी, आमच्या ताईकडं बघून तरी बोला! नारळ आमी वर्षामागं खाल्ला!"

"नारळ परत मागत नाही," मी म्हणालो. लोक पोट धरून हसले. मी खांबाकडं बघितलं. मिस्त्री हसत नव्हते, पण माझ्याकडं बघत होते.

मग मी स्विच दाबला आणि फजिती सुरू झाली. एकही गाडी सुटलेली नसताना हातोडी टपकन बसली आणि बसूनच राहिली. घड्याळ एकटंच धावायला लागलं. स्विच बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. ऑपरेटरांनी खोक्यातले दिवे तपासले. मी हेडलाइट बघितला, तो लख्ख पेटलेला. गिरणी बंद होती. कागदावरच्या एकेका वायरीवर बोट ठेवून मी सगळ्या तपासल्या, चौदाच्या चौदा जागेवर.

एक ड्रायव्हर म्हणाला, "मशीनीला घाई झालीय. गाडीच्या आधीच पोचली."

दुसरा म्हणाला, "त्यापरीस अंगठाच बरा हुता. चुकायचा, पण गाडी सुटल्यावर चुकायचा!"

पाव तास गेला. माझ्या कॉलरला घाम आला होता. तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्यामागून बोललं.

"भाऊसाब, नळीत बघा."

मिस्त्री होते. वर्षभरात मला उद्देशून बोललेलं हे त्यांचं दुसरं वाक्य; पहिलं मागच्या दसऱ्याचं.

"कुठल्या नळीत?"

"त्या डोळ्याच्या. म्या काल फूल खवलंय."

ऑपरेटरांनी फडकं काढलं, नळी सोडवली, तारेच्या आकड्यानं आत टोचलं. चार इंच नळीतून एक झेंडू बाहेर आला, चांगला टपोरा, काजळीनं निम्मा काळा झालेला. शेडमध्ये असा हशा झाला की रस्त्यावरचा एक ट्रक काय झालं ते बघायला थांबला.

"अहो मिस्त्री," ऑपरेटर कपाळाला हात लावून म्हणाले, "डोळ्यात फूल घालतात व्हय कुणी?"

"आम्हाला काय ठावं त्याचा डोळा कुठं आन् तोंड कुठं," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या हत्यारांला फूल दिलं. हे एकच राहिलं हुतं. भोक दिसलं, तिथं दिलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गॅरेजातलंच हत्यार म्हणून दिलं."

मी तो झेंडू खिशात ठेवला आणि स्विच दाबला. हातोडी शांत राहिली.

यंदा शेवटच्या दोघांना तीन-तीन फेऱ्या द्यायच्या आणि बेरीज धरायची असं मी ठरवलं होतं, म्हणजे एकेका घराची चूक पोटात जाईल. शेवटचे दोघे पुन्हा तेच. मेव्हण्याच्या गाडीला तिन्ही वेळा तीन सेकंद दोन घरं; बेरीज दहा सेकंद एक घर. मिस्त्रींच्या गाडीला तीन सेकंद तीन घरं, पुन्हा तीन सेकंद तीन घरं, आणि शेवटी तीन सेकंद दोन घरं. बेरीज दहा सेकंद तीन घरं. दोन घरांनी मेव्हणा जिंकला.

मी आकडे वाचून दाखवले आणि मिस्त्रींकडं बघायचं टाळलं. मग मिस्त्रींनीच घड्याळावर वाकून काटा बघितला, हातोडी बोटानं वर-खाली करून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "हरलो. लई चांगलं हरलो. मशीनीला मेव्हणा नसतो!"

मेव्हणा नारळ डोक्यावर घेऊन नाचला. त्यानं मिस्त्रींना आपल्या गाडीचं बेअरिंग काढून दाखवलं, त्यात कुठलं तेल घातलं तेही सांगितलं, आणि दोघं तिथंच फळीवर बसून वाद घालायला लागले.

संध्याकाळी सोनं वाटताना मिस्त्रींनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. "सकाळी येतो," म्हणाले.

सकाळी सात वाजता ते ओट्यावर होते. सौभाग्यवतींनी चहा आणला. कप तोच, वर्षभर फळीवर ठेवलेला. मी त्यांच्या बशीशेजारी साडेपाच रुपये ठेवले.

"ह्ये कशाचे?"

"मागच्या वर्षीचं बक्षीस अकरा रुपये होतं. बरोबरी धरली तर निम्मे तुमचे."

"मेव्हण्यानं दिले?"

"तो कुठला देतोय. माझ्या खिशातले आहेत. अंगठा माझा होता."

मिस्त्रींनी चहा संपवला, पैसे मोजले, आठ आण्याचं नाणं उलटून पालटून बघितलं आणि सगळे शर्टाच्या खिशात घातले. "घेतो," ते म्हणाले. "न्हाय घेतले तर तुमाला झोप लागायची न्हाय, आन् एका ट्रकचं क्लच बसवायचंय मला, तुमची समजूत घालत बसायला येळ न्हाय."

ऑपरेटरांनी डोळ्याचं भाडं घेतलं नाही. एकतीस रुपयांतले सव्वादोन उरले ते मालकांना परत केले. मिस्त्रींना साडेपाच रुपये, रोख.