माहेरचं नाव

दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मी इतिहासाचा प्रकल्प आखला आहे. आपल्या घराच्या तीन पिढ्या शोधायच्या आणि प्रत्येक नोंदीला लेखी पुरावा जोडायचा. काल वर्गात सारिका वंशवृक्ष काढत होती. आजोबा, पणजोबा भराभर लिहून झाले आणि आजीच्या चौकटीवर पेन्सिल थांबली.

"सर, आजीचं लग्नाआधीचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणते, त्या नावानं हाक मारणारं आता कोण उरलंय गं!"

आपल्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहितात. जुनं नाव कुणी खोडत नाही. फक्त त्या नावाने हाक मारणं थांबतं. याचा लेखी पुरावा मुलांनी कुठून आणायचा? आणि अट काढली, तर त्याला संशोधन तरी कसं म्हणायचं? कालपासून आराखडा समोर आहे आणि मन थाऱ्यावर नाही.

शेवटी गावी आईला फोन लावला. ती स्वतः शाळेत गेली नाही, पण मला कॉलेजपर्यंत तिनेच पोचवलं. मामाही तिला अक्काच म्हणतो.

"आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"का रे? कागदात काही चुकलं का?"

"नाही गं, सहज."

 मग तिने हळूच नाव सांगितलं आणि घाईने म्हणाली, "लिहू-बिहू नकोस हं कुठं. लोक हसतील."