पदराची दुसरी गाठ

दुपारच्या कोपरगाव एसटीत शेजारी एक मावशी बसल्या होत्या. पदराला दोन गाठी होत्या. कंडक्टर आला तशी त्यांनी एक सोडली. तिकिटाला दहा रुपये कमी पडले.

"दहा द्या, नायतर पुढच्या फाट्याला उतरा," कंडक्टर म्हणाला.

"उतरते."

"दुसरी गाठ सोडा की," मी म्हणालो.

"त्ये लेकीनं चोळीला दिल्यात. त्याचं तिकीट काढू व्हय?"

"मावशी, पैसे सगळे सारखेच."

त्या गाठ मुठीत धरून बाहेर बघत राहिल्या. उन्हात उसाचे तुरे हलत होते, गाडी पाळण्यासारखी डुलत होती.

त्यांचे दहा रुपये भरायला मी पाकीट उघडलं. वडिलांनी त्यांच्या शेवटच्या दिवाळीला दिलेली पन्नासची नोट समोरच होती. ती बाजूला सारून मी मागची दहाची काढली.