सायरन बंद झाल्यावर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. राग नव्हता, भांडणही नव्हतं. घरी येऊन अंघोळ केली की देवघरासमोर उभं राहावंसंच वाटेना. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरहून नगरला पेशंट नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर मी डॉक्टर होते. पोहोचेपर्यंत जीव टिकवणं एवढंच माझं काम, आणि तेच हातून होईनासं झालं होतं. सायरन कानात इतका मुरला होता की सुट्टीच्या दिवशी भाकरी थापतानाही तो ऐकू यायचा. आतून मी पार शिणले होते. एक खोड तेवढी शाबूत होती, चौकशीची. हे असं का, ते तसं का, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे ड्रायव्हर अंकुशभाऊ म्हणायचे, "मॅडम, तुमाला डॉक्टर कुनी केलं? फौजदार व्हायला पायजे हुतं."

तेव्हा सायरन ऐकला की लोक दारं लावून घ्यायचे. गावाबाहेरच्या एका घरातून मात्र एक आजी उलट बाहेर यायच्या. हातात ताट, ताटात दिवा, वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरलेला. आम्ही भरधाव निघून जायचो आणि मागच्या काचेतून त्या धुरळ्यात उभ्या दिसायच्या. पेशंटची दृष्ट काढत असतील, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी ऊसतोडीला आलेली पाथर्डीकडची सरूबाई गाडीत होती. तिचा नवरा पुढे अंकुशभाऊंशेजारी बसला होता. गाव सुटतं न सुटतं तोच तिच्या ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला. मी प्रवाह वाढवला, तरी आकडा खालीच. अंगावरच्या पीपीई किटमध्ये घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ. फुप्फुसंच साथ देत नाहीत, असं मी समजले. सरूबाईने माझा हात घट्ट धरला होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता, कारण माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मनात एवढंच आलं, 'मला जमत नाही, आता तूच बघ.' हे मी कोणाला म्हणाले, ते माझं मलाही ठाऊक नाही.

तेवढ्यात गाडी थांबली. आमच्यात एक ठरलेलं होतं. मी मागून पत्र्यावर एकदा ठोकलं की अंकुशभाऊ गाडी बाजूला घेऊन सायरन, इंजिन सगळं बंद करत, म्हणजे सुई टोचताना माझा हात हलू नये. पण मी ठोकलंच नव्हतं.

"थांबलात कशाला?" मी ओरडले.

"तुमीच ठोकलं की," ते म्हणाले.

मी आणखी काही बोलणार, तोच त्या शांततेत बारीक आवाज आला. सुस्स. सिलिंडरच्या जोडाजवळ हात नेला तर हातमोज्यातूनही गार वारा लागला. जोड ढिला झाला होता आणि ऑक्सिजन बाहेरच्या बाहेर जात होता. धावत्या गाडीत, सायरनच्या कल्लोळात तो आवाज मला कधीच ऐकू आला नसता. सिलिंडर वाटेतल्या राहुरीपर्यंतसुद्धा पुरला नसता. पान्याने जोड आवळला. हळूहळू आकडा चढू लागला. काचेतून पाहिलं तर गाडी नेमकी आजींच्या दारासमोर उभी होती आणि त्या गाडीला ओवाळत होत्या. बोलायला वेळ नव्हता, आम्ही निघालो.

सरूबाई बरी होऊन गावी गेली. माझी चौकशी मात्र चालूच राहिली. पत्र्यावर ठोकलं कोणी? आजींच्या घराअलीकडच्या खड्ड्यात गाडी आदळून सिलिंडरच्या साखळीला अडकवलेला पाना पत्र्यावर आपटला असेल, म्हणून नगरहून परत येताना मी रिकामी गाडी त्याच खड्ड्यातून पुन्हा न्यायला लावली. एकदा पाना वाजला, एकदा नाही वाजला. "लिवा आता काय लिवायचं ते," अंकुशभाऊ हसत म्हणाले. मग वाटलं, आजींनीच काठीने ठोकलं असेल. मी त्यांच्या दारात जाऊन तसं विचारलं.

"म्या कशाला ठोकू?" आजी म्हणाल्या. "पेशंटची गाडी कुनी आडवतं व्हय?"

"मग रोज दृष्ट काढायला बाहेर येता का?"

"दृष्ट न्हाई गं बाई. देवीच्या देवळाला कुलूप लागलंय. पर येवढी मानसं जाया लागल्यावर देवी काय कुलपात बसून ऱ्हाईल? ती तुमच्याच गाडीत आसनार. म्हून दिवा घिऊन येते. तिला ओवाळते."

इतके दिवस त्या गाडीत मागे मी एकटीच आहे, असं समजून मी झुरत होते. तिथेच आजींच्या ओट्यावर बसून मी पोटभर रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या लांबून पुढे सरकवला.

पत्र्यावर ठोकलं कोणी, ते अजून कळलेलं नाही. विचारणं सुटलेलं नाही, स्वभावच तो. माझ्या हातात आहे ते सगळं मी करते, नाही ते तिच्यावर सोपवते. आणि पेशंटजवळच्या बाकावर बसताना आता थोडी सरकून बसते.