दुकान वाढवलं

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. पण एका क्रियापदाने आमच्या अख्ख्या ठाण्याला बनवलं, ती दुपार जशीच्या तशी आठवते.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी केली ती मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या पोलीस ठाण्यात. विद्यार्थ्यांच्या लाटेचा काळ होता. भारतातून शिकायला मुलं येत होती आणि त्यांना डबे पुरवणारी दुकानं ट्रुगानिनाच्या नव्या वस्तीपर्यंत उगवली होती. मग एक खासगी कॉलेज बंद पडलं, मुलं पांगली आणि एका मराठी तरुणाचं दुकान कर्जात बुडालं.

त्या दिवशी त्याच्या शेजारच्या दुकानातून फोन आला. पाटी उतरवली आहे, फ्रिज आणि शेगड्या यूटच्या, म्हणजे इथल्या पिकअप गाडीच्या, हौद्यात चढताहेत. सामान भाड्याचं, भाडं थकलेलं. आणि सामानाचा मालक नेमका आमच्याच काउंटरवर तक्रार देत उभा. गस्तीच्या गाडीने यूट सिग्नलला अडवली. आत दुकानदार नव्हता, त्याचा मित्र होता. युनिव्हर्सिटीत शिकणारा, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज नुकताच केलेला. दुकानदाराचा फोन बंद.

हक्क समजावून चौकशी सुरू झाली, पण पोरगा तोंडाला कुलूप लावून बसला. त्याच्या फोनवर दुकानदाराचा मेसेज सापडला: ‘उद्या दुकान वाढवतो. यूट घेऊन ये. कुणाला बोलू नकोस.’ इथेच जन्मलेल्या दुभाष्याने सरळ अर्थ लावला: उद्या दुकान मोठं करतो.

माझ्या सहकाऱ्याने टेबलावर थाप मारली. “ओपन अँड शट, मेट!” देणी बुडवून हे दुसरीकडे नवं दुकान थाटताहेत, असं त्याचं म्हणणं.

मी मूळ मेसेज वाचला आणि हसू आवरेना. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जुने दुकानदार दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. अशुभ बोलायचं नाही ना! वरिष्ठांची परवानगी घेऊन, रेकॉर्डिंग चालू ठेवून मी मराठीत विचारलं,

“तुझ्या मित्राच्या घरी, गावी, दुकान होतं का रे?”

“आजोबांचं होतं.”

“रात्री ते दुकान बंद करायचे?”

“नाही, वाढव...” तो थांबला. डोळे भरून आले. “सर, त्याने शपथ घातलीय. गावी कळलं तर त्याची आई खचेल.”

“त्याची आई इथे नाही, मी आहे. यूट कुठे चालली होती?”

“सामान परत द्यायला. तो सकाळपासून मालकाच्या गोडाऊनपाशी थांबलाय, स्वतःच्या हाताने देणार म्हणतो. सर, माझी पीआर गेली ना?”

आम्ही गाडी पाठवली. दुकानदार खरंच गोडाऊनच्या कुलूपबंद दारापाशी बसला होता. घेणेकऱ्यांच्या फोनांना कंटाळून त्याने मोबाइल बंद ठेवला होता. मालक आमच्याकडे, देणेकरी त्याच्याकडे! दोघांना समोरासमोर आणलं. सामान परत मिळाल्यावर मालकाने तक्रार मागे घेतली आणि थकलेल्या भाड्याचे हप्ते बांधून दिले. कुणावरही गुन्हा नोंदवावा लागला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“गाढवा, सरळ ‘बंद’ लिहायला काय झालं होतं?” मित्र म्हणाला.

“हात धजेना रे.”

“चल, आधी जेवू. हप्त्यांचं आपण बघू.”

चौकशीत गप्प बसणारा गुन्हाच लपवतो असं नाही, कधी तो मित्राची अब्रूही झाकत असतो. हे मी त्या पोराकडून शिकलो.

पुढे त्या दोघांनी मिळून पुन्हा एक छोटं दुकान थाटलं, आणि काही वर्षांनी त्याच मित्राचा फोन आला. “सर, आम्ही दोघांनी दुकान वाढवलंय. जेवायला या.”

“वाढवलंय म्हणजे नक्की काय रे?” मी घाईने विचारलं.

पलीकडे दोघंही खदखदून हसले. “सर, शेजारचा गाळा घेतला!”