रूथने फोन वाशीला केला

या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचले. धाराशिवच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासतोय... मायक्रोस्कोपखाली जे दिसत नाही ते नाही, इतकं माझं सोपं गणित. ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून रविवारी उपासनेला जायचो. विश्वास होता तो माझ्या बायकोचा, रूथचा.

तिला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांजा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत ती सात महिने पडून होती — नाकात नळी, पाठीला जखमा. मूलबाळ नाही. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला यायचे. एकदा म्हणाले, "ही विश्वासाची परीक्षा आहे, भाऊ. धीर धरा."

"परीक्षा माझी, मग हाल तिचे का?" मी ओरडलोच. "येऊ नका आता तुम्ही."

ते आले नाहीत. मीही चर्च सोडलं.

एका शनिवारी सकाळी सातच्या सुमारास तिच्या जखमा पुसल्या, बाथरूममध्ये गेलो, नळ पूर्ण सोडला आणि बादलीशेजारी बसून मनातल्या मनात म्हणालो — प्रभू, घेऊन जा तिला. आजच. ओठसुद्धा हलले नव्हते. मग स्वतःचीच किळस आली...

दुपारी दार वाजलं. साठीच्या एक बाई, हातात कापडी पिशवी.

"सलाम, भाऊ. म्या शांताबाई, आपल्या जिल्ह्यातल्याच वाशीची. रूथबाईची वळख महिला सभेतली. त्यांनी बोलावलं म्हणून आले."

"कुणी?"

"रूथबाईनं. सकाळी फोन आला की."

मी त्यांना आत नेलं. रूथला बघून त्या दारातच थिजल्या. "अगं बाई... मला ठाऊकच न्हाय. चांगलं स्पष्ट बोलल्या की हो!"

"काय बोलली?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "म्हनल्या, ह्यांनी आज माझ्यासाठी मरण मागितलं. त्यांना सांगा, लाज धरू नका, प्रभूनं ऐकलंय. मला वाटलं, तुमचं भांडण झालं आसंल..."

मी त्यांचा फोन मागून घेतला. साधा, बटणांचा. सकाळी सात वाजून दहा मिनिटं — रूथचाच नंबर. तो तर मीच कधीचा बंद केला होता; तिचा फोन कपाटात, बॅटरी मेलेली. तिथल्या तिथे तो नंबर लावून पाहिला. 'हा नंबर अस्तित्वात नाही.'

रूथ माझ्याकडेच बघत होती. शांताबाईंनी तिचा डावा हात धरून प्रार्थना केली. कितीतरी महिन्यांनी मी 'आमेन' म्हणालो... तेही अर्धंच. पुढे रडू फुटलं.

बुधवारी ती गेली.

तुम्हाला वाटेल, आता याचा विश्वास बसला असेल. नाही हो. घर खायला उठतं. डोळे मिटले तर प्रार्थना सुचत नाही. मोबाइल कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने मान हलवली — बंद नंबरवरून फोन जाऊच शकत नाही म्हणाला. मलाही ते कळतं.

हल्ली रविवारी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो. पाळकसाहेब परवा शेजारी येऊन नुसते बसले. बोलले काही नाहीत, ते बरं वाटलं. माझं एकच विचारणं असतं. तिला बोलता आलं, तर ते वाशीच्या बाईशी का? मी दहा पावलांवर होतो. मला एक हाक का नाही मारली?

तेवढं विचारायला जातो मी. दर रविवारी.